तीन लाखांचे राष्ट्र, सात जणांचा खेळ

ऑलिंपिक स्पर्धा संपल्या की आपल्याकडे एक ठराविक हिशेब मांडला जातो. एवढी अफाट लोकसंख्या आणि पदके मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी, हे कसे, असा सवाल चहाच्या टपरीपासून विधिमंडळापर्यंत विचारला जातो आणि पंधरवड्याच्या आत तो विसरलाही जातो. या हिशेबात एक गृहीत दडलेले असते. माणसे अधिक असली म्हणजे त्यांतून खेळाडू आपोआप निपजतील, असे ते गृहीत आहे. उत्तर अटलांटिक महासागरातल्या एका बेटाने हे गृहीत गेल्या सहासात दशकांत वारंवार खोटे ठरवले आहे. आइसलंड हे ते बेट होय, आणि ज्या साधनाने त्याने हे केले तो म्हणजे त्याचा पुरुषांचा राष्ट्रीय हँडबॉल संघ.

आइसलंडचे क्षेत्रफळ सुमारे एक लाख तीन हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एकतृतीयांश. लोकसंख्या आज चार लाखांच्या आत आहे आणि ज्या वर्षाची कथा येथे प्रामुख्याने सांगायची आहे, त्या २००८ साली ती सव्वातीन लाखही नव्हती. आपल्या राज्यातील सर्वांत कमी वस्तीचा जिल्हा सिंधुदुर्ग. त्याचीही लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाखांच्या घरात होती. म्हणजे एका सिंधुदुर्गात दोन आइसलंड सहज मावतील. अशा देशाने बीजिंग ऑलिंपिकमध्ये सांघिक खेळाचे रौप्यपदक मिळवले. इतक्या लहान राष्ट्राने ऑलिंपिकमधील सांघिक खेळात पदक मिळवण्याची ती पहिलीच वेळ होती.

आपल्याकडे हा खेळ फारसा रुळलेला नाही, म्हणून त्याची थोडी ओळख करून देणे योग्य होईल. चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद अशा बंदिस्त मैदानावर गोलरक्षकासह सात-सात खेळाडूंचे दोन संघ खेळतात. चेंडू हाताने फेकायचा. तो हातात घेऊन तीन पावलांहून अधिक चालायचे नाही आणि तीन सेकंदांहून अधिक काळ धरून ठेवायचा नाही. गोलसमोरच्या सहा मीटरच्या क्षेत्रात गोलरक्षकाखेरीज कोणी पाय ठेवायचा नाही. मात्र त्या रेषेच्या बाहेरून हवेत झेप घेऊन, जमिनीला पाय टेकण्यापूर्वी चेंडू फेकण्याची मुभा आहे. तीस-तीस मिनिटांच्या दोन डावांत प्रत्येक संघ पंचवीस-तीस गोल सहज करतो. फुटबॉलचा वेग, बास्केटबॉलचे हस्तकौशल्य आणि कबड्डीची अंगलट या तिन्हींचा संगम पाहायचा असेल, तर तो या खेळात पाहावा.

या खेळाचा उगम शिक्षकवर्गाला विशेष रुचेल असा आहे. डेन्मार्कमधील ओर्ड्रुप गावच्या शाळेत होल्गर निल्सन नावाचे एक शिक्षक होते. शाळेच्या आवारात मुले फुटबॉल खेळत आणि खिडक्यांच्या काचा फोडत, म्हणून फुटबॉलला बंदी आली. तेव्हा चेंडू हाताने खेळण्याची युक्ती निघाली, असे सांगितले जाते. निल्सन यांनी या खेळाला नियमांची शिस्त लावली आणि १९०६ साली ते नियम छापून प्रसिद्ध केले. पुढे जर्मनीत अकरा-अकरा खेळाडूंचा, मोकळ्या मैदानावरचा हँडबॉल वाढला आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो खेळला गेला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपल्या कबड्डीची आणि इतर देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली ती याच बर्लिनमध्ये. त्यानंतर सात जणांचा, छपराखालचा हँडबॉल पुढे आला आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकपासून त्याला कायमचे स्थान मिळाले. त्या पहिल्याच स्पर्धेत आइसलंडचा संघ होता.

आइसलंडमध्ये हा खेळ नेला तोही एका शिक्षकानेच. डेन्मार्कमध्ये शिकून आलेल्या एका शारीरिक शिक्षण शिक्षकाने १९२० च्या दशकाच्या आरंभी तो शाळेतल्या मुलांना शिकवला. तेव्हाचा आइसलंड म्हणजे मासेमारीवर आणि मेंढपाळीवर जगणारा, डेन्मार्कच्या राजाच्या छत्राखालचा एक गरीब देश होता. आजच्या सुबत्तेकडे बोट दाखवून ‘श्रीमंतांना खेळ परवडतात’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. तेथील हिवाळ्यात सूर्य दिवसाचे चारपाच तासच दिसतो. वारा, पाऊस आणि बर्फ यांमुळे मोकळ्या मैदानावरचे खेळ वर्षातील अनेक महिने अशक्यच होतात. छपराखाली, थोड्या जागेत, थोड्या मुलांना घेऊन खेळता येईल असा खेळ त्या भूमीला हवा होता. हँडबॉल तेथे रुजला तो कोणा मंत्र्याने त्याला राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केले म्हणून नव्हे. तो त्या मातीला, त्या हवेला आणि त्या शाळांच्या ऐपतीला मानवला, हेच त्याचे कारण होय.

तो वाढला तेव्हाही साधनांची चैन नव्हती. दुसऱ्या महायुद्धात या बेटावर अमेरिकी सैन्याचा तळ होता. त्या सैन्याने आपल्या सैनिकांसाठी बांधलेला हालोगालांड नावाचा एक व्यायाममंडप युद्धानंतर राजधानी रेक्याविकमधील खेळाडूंच्या वाट्याला आला आणि पुढची वीसएक वर्षे देशातील हँडबॉलचे ते मुख्य केंद्र राहिले. त्याचे मैदान प्रमाणापेक्षा आखूड होते. १९५७ साली राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, १९५८ साली आइसलंड प्रथमच जागतिक स्पर्धेत उतरला आणि १९६१ च्या जागतिक स्पर्धेत त्याने सहावा क्रमांक पटकावला. हे सारे घरी पूर्ण आकाराचे मैदान नसताना घडले. १९६५ साली लौगार्दाल येथील मोठे क्रीडागृह उघडले, तेव्हा कोठे ही उणीव दूर झाली. १९७२ साली बॉबी फिशर आणि बोरिस स्पास्की यांच्यातील बुद्धिबळाचे ऐतिहासिक युद्ध झाले ते याच इमारतीत. ही वास्तू आता आंतरराष्ट्रीय मापदंडांना अपुरी पडते आणि नव्या क्रीडागृहाची चर्चा तेथे वर्षानुवर्षे चालू आहे. तात्पर्य, दिरंगाई ही काही केवळ आपलीच मिरास नव्हे.

पुढचा इतिहास चढउतारांचा आहे आणि तो तसाच सांगितला पाहिजे. सोव्हिएत गटातील देशांनी बहिष्कार टाकलेल्या १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये आइसलंड सहावा आला. प्रतिस्पर्धी घटले होते म्हणून हे जमले, असे कोणी म्हणाले असते. पण १९८६ च्या जागतिक स्पर्धेत, सर्व बलाढ्य संघ हजर असताना, त्याने पुन्हा सहावा क्रमांक मिळवून त्याचे उत्तर दिले. बोगदान कोवालचिक या पोलिश प्रशिक्षकाच्या हाताखाली ही पिढी घडली होती. १९८९ साली फ्रान्समध्ये झालेल्या दुसऱ्या श्रेणीच्या जागतिक स्पर्धेत तिने अजिंक्यपद मिळवले. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाच्या सामन्यात फ्रान्सकडून पराभव झाला आणि संघाला चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. १९९५ ची जागतिक स्पर्धा या चिमुकल्या देशाने स्वतःच भरवली, पण घरच्या प्रेक्षकांसमोर त्याच्या संघाची निराशा झाली. दोनच वर्षांनी जपानमध्ये तोच देश पाचवा आला.

२००८ च्या जूनमध्ये तर मॅसिडोनियाकडून हरल्यामुळे पुढच्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेचे दारही या संघाला बंद झाले होते. दोन महिन्यांनी तोच संघ बीजिंगमध्ये उतरला. गुडमुंडुर गुडमुंडसन हे प्रशिक्षक होते आणि ओलाफुर स्टेफान्सन हा कर्णधार. गटातील सामन्यांत त्यांनी रशियाला हरवले, त्या वेळच्या जगज्जेत्या जर्मनीला चार गोलांनी नमवले, त्या वेळच्या युरोपविजेत्या डेन्मार्कशी बरोबरी साधली. उपांत्यपूर्व सामन्यात पोलंड आणि उपांत्य सामन्यात स्पेन असे दोन मातबर संघ गारद झाले. २४ ऑगस्टला अंतिम सामन्यात फ्रान्सने २८-२३ असा विजय मिळवला. पण तोवर आइसलंडने जे मिळवायचे ते मिळवले होते. त्यापूर्वी या देशाच्या नावावर अवघी तीन ऑलिंपिक पदके होती: १९५६ साली तिहेरी उडीत रौप्य, १९८४ साली ज्युदोत कांस्य आणि २००० साली बांबूउडीत कांस्य. संघाचे पदक असे हे पहिलेच.

संघ मायदेशी परतला तेव्हा रेक्याविकचे रस्ते माणसांनी फुलून गेले आणि खेळाडूंना राष्ट्राचा मानाचा किताब देण्यात आला. त्या दिवसांतील एक गोष्ट अद्याप तेथे कौतुकाने सांगितली जाते. राष्ट्राध्यक्षांच्या परदेशात जन्मलेल्या पत्नीने आनंदाच्या भरात आइसलंडला जगातील सर्वांत मोठा देश म्हटले आणि ते म्हणताना ‘मोठा’ या शब्दाचे रूप व्याकरणदृष्ट्या चुकवले. आपल्या भाषेविषयी कमालीचे हळवे असलेल्या त्या लोकांनी ती चूक दुरुस्त केली नाही, उलट ती जशीच्या तशी उचलून घोषवाक्य केली. पुढे सहा आठवड्यांतच, ऑक्टोबर २००८ मध्ये, या देशाच्या तिन्ही मोठ्या बँका एकापाठोपाठ एक कोसळल्या आणि सारी अर्थव्यवस्था डबघाईला आली. बँकांनी उभारलेले मोठेपण उसनवारीचे होते आणि ते आठवड्याभरात विरघळले. हँडबॉलने उभारलेले मोठेपण मात्र टिकले: जानेवारी २०१० मध्ये, देश त्या आपत्तीतून सावरतही नव्हता तेव्हा, याच संघाने ऑस्ट्रियातील युरोपीय स्पर्धेत पोलंडला हरवून कांस्यपदक मिळवले. एक मोठेपण कर्जाने विकत आणलेले होते, दुसरे पिढ्यांच्या कष्टाने रुजवलेले होते; दोहोंतला भेद इतक्या थोड्या अवधीत इतका स्पष्ट झाल्याची उदाहरणे इतिहासात फार नाहीत.

येथे एक आक्षेप रास्त आहे. हँडबॉल काही फुटबॉलसारखा अवघ्या जगाचा खेळ नाही; त्यात खरी चुरस आहे ती प्रामुख्याने युरोपातल्या काही देशांत. तेव्हा लहान देशाला तेथे शिरकाव मिळणे तुलनेने सोपे, असे म्हणता येईल. परंतु त्या चुरशीतले देश कोणते ते पाहावे. फ्रान्स, जर्मनी, स्पेन, रशिया, पोलंड ही सारी कोट्यवधींची राष्ट्रे आहेत. त्यांच्यासमोर तीन लाखांतून सात माणसे उभी करणे सोपे असेल, तर एकशेचाळीस कोटींतून सात माणसे उभी करणे किती सोपे असावयास हवे!

मग हे घडते कसे? राष्ट्राच्या रक्तात काही विशेष आहे, समुद्रवीरांचा वारसा आहे, असली स्पष्टीकरणे ऐकायला गोड असतात, पण ती काही समजावून सांगत नाहीत. खरे उत्तर याहून रुक्ष आहे. तेथील गावागावांत नगरपालिकेचे छपराचे क्रीडागृह आहे आणि त्याला जोडून क्लब आहे. शाळा सुटल्यावर मुले आणि मुली तेथे जातात. पोहणे तर १९४० पासून शालेय शिक्षणाचा सक्तीचा भाग आहे. क्लबात शिकवणारा माणूस हौशी कार्यकर्ता नसून शिकलेला प्रशिक्षक असतो, आणि तो लहान मुलांनाही तितक्याच गांभीर्याने शिकवतो. मुलांच्या क्लबाच्या शुल्कासाठी रेक्याविक नगरपालिका २००७ पासून प्रत्येक मुलामागे ठरावीक अनुदान देत आली आहे. हे सारे पदकांसाठी केलेले नाही, हे विशेष ध्यानात घ्यावे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्या देशापुढे एक निराळीच चिंता होती: पंधरा-सोळा वर्षांची मुले बेसुमार दारू पीत होती. १९९८ साली या वयाच्या शंभरांपैकी बेचाळीस मुलांनी गेल्या महिन्यात आपण दारू पिऊन झिंगलो असल्याचे सांगितले होते. पालकांचे सहकार्य, रात्री बाहेर राहण्यावर निर्बंध आणि खेळ-संगीताची संघटित सोय या तिन्ही उपायांनंतर २०१६ साली हे प्रमाण शंभरांत पाचवर आले. खेळ ही तेथे नागरिक घडवण्याची व्यवस्था आहे. पदक हे त्या व्यवस्थेचे उपफळ होय. आपण मात्र झाड न लावता उपफळाची आस धरतो.

या व्यवस्थेचा सर्वांत बोलका पुरावा तिने घडवलेल्या शिक्षकांत सापडतो. खेळाडूंची वाखाणणी करावी तेवढी थोडीच: गुडयॉन वालुर सिगुर्डसन याने राष्ट्रासाठी अठराशेंहून अधिक गोल केले, आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांत इतके गोल कोणा पुरुष खेळाडूने केले नव्हते. पण खेळाडू पाहावेत तसे प्रशिक्षकही पाहावेत. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे सुवर्णपदक डेन्मार्कने जिंकले. त्या संघाचे प्रशिक्षक होते बीजिंगचे तेच गुडमुंडसन. कांस्यपदक जर्मनीला मिळाले. त्याचे प्रशिक्षक दागुर सिगुर्डसन हेही आइसलंडचेच, आणि त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी जर्मनीला युरोपचे अजिंक्यपद मिळवून दिले होते. महिलांत कांस्यपदक मिळवणाऱ्या नॉर्वेचे प्रशिक्षक थोरिर हेरगेरसन. तेही याच बेटाचे सुपुत्र. २०१२ आणि २०२४ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये नॉर्वेच्या महिलांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली सुवर्ण मिळवले. २०२४ साली पॅरिसमध्ये जर्मनीच्या पुरुष संघाने रौप्यपदक मिळवले, तेव्हा त्याची सूत्रे आल्फ्रेड गिस्लासन या आइसलंडरच्या हाती होती. स्वतः आइसलंडचा संघ २०१६ पासूनच्या तीन ऑलिंपिकमध्ये पात्रही ठरला नाही, ही त्याची दुसरी बाजू. पण ज्या देशाला डेन्मार्कहून आलेल्या विद्येने खेळ शिकवला, त्याने शंभर वर्षांच्या आत डेन्मार्कलाच ऑलिंपिक विजेता करणारा गुरू दिला, यापरते ऋणमोचन ते कोणते? क्लबांची गोष्टही अशीच आहे. रेक्याविकचा वालुर हा क्लब १९८० साली युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात हरला होता. चव्वेचाळीस वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याने अथेन्सला जाऊन युरोपीय स्तरावरील विजेतेपद मिळवले. असे विजेतेपद मिळवणारा तो पहिला आइसलंडी क्लब. चव्वेचाळीस वर्षे टिकून राहणारी संस्था असली तरच असा दिवस उजाडतो.

आता थोडे आपल्याकडे पाहू. हँडबॉल आपल्याला अगदीच अपरिचित नाही. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याचा प्रथम समावेश झाला आणि यजमान म्हणून भारताचाही संघ उतरला. २०२३ साली जयपूरला व्यावसायिक लीगचा पहिला हंगाम झाला आणि महाराष्ट्राच्या नावाने खेळणाऱ्या संघाने तो जिंकला. ही गोष्ट अभिनंदनीय आहे. परंतु लीग हा कळस आहे. दूरदर्शनसंचावर झळकणाऱ्या कळसाखाली पाया किती, हा प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो केवळ हँडबॉलपुरता नाही.

व्यायामशाळा, तालीम, क्रीडामंडळ या संस्था महाराष्ट्राला परक्या नाहीत. गल्लीतल्या मंडळाने कबड्डीचा संघ उभारायचा आणि जुन्या खेळाडूने संध्याकाळी मुलांना फुकट शिकवायचे, ही आपली रीत आइसलंडच्या क्लबाहून मुळात निराळी नव्हती. फरक पडला तो पुढे. तेथे नगरपालिकेने त्या रीतीला छप्पर दिले, शिक्षकाला पगार दिला आणि शाळेशी तिचा सांधा जुळवला. आपण त्याऐवजी खेळाला गुणांशी आणि नोकरीशी जोडले. राज्यस्तरावर खेळणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षेत वाढीव गुण, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण या योजनांमागचा हेतू चांगला आहे; गरीब घरातल्या कित्येक खेळाडूंना त्यांनी आधारही दिला आहे. पण जेथे प्रमाणपत्राला किंमत येते आणि खेळाला येत नाही, तेथे बनावट प्रमाणपत्रांचा बाजार उभा राहतो, हा अनुभव आपण घेतला आहे. शाळेच्या वेळापत्रकात खेळाचा तास असतो, परंतु तो गणिताच्या राहिलेल्या धड्यासाठी राखून ठेवलेला तास आहे, असा समज मुलांचा नव्हे, मोठ्यांचा झालेला आहे. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक संचलनासाठी, गर्दी आवरण्यासाठी आणि शाळाबाह्य कामांसाठी हाताशी असलेला माणूस समजला जातो. त्याचे पद रिक्त झाले तर ते भरण्याची निकड कोणाला वाटत नाही.

याला उपाय म्हणून कोट्यवधींची क्रीडानगरी उभारण्याचे बेत नेहमीच निघतात. तशा वास्तू हव्यातच. पण आइसलंडची साक्ष निराळी आहे. परक्या सैन्याने मागे टाकलेल्या आखूड मंडपात, प्रमाणाहून लहान मैदानावर, जगातील सहावा संघ घडू शकतो, जर मुलांना रोज शिकवणारा जाणता माणूस तेथे असेल तर. प्रत्येक शाळेत शारीरिक शिक्षणाचा एक पात्र आणि पूर्णवेळ शिक्षक; खेळाचा तास कोणत्याही कारणास्तव न मोडण्याचा दंडक; सुटीच्या दिवशी व संध्याकाळी शाळेचे मैदान परिसरातील मुलांना खुले; आणि नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात मुलांच्या खेळासाठी लहानशी पण दरवर्षी न चुकता मिळणारी तरतूद, या चार गोष्टी कोणत्याही क्रीडानगरीपेक्षा स्वस्त आहेत. त्यांचे उद्घाटन करता येत नाही, त्यांवर कोनशिला बसवता येत नाही, आणि त्यांचे फळ पाच वर्षांच्या मुदतीत दिसत नाही. त्या आजवर झाल्या नाहीत याचे कारण बहुधा एवढेच असावे.

पुढच्या ऑलिंपिकनंतर लोकसंख्येचा तोच हिशेब पुन्हा मांडला जाईल. तो मांडताना एक दुरुस्ती करावी. देशात माणसे किती, हा आकडा घेऊ नये. आठवड्यातून निदान तीन दिवस, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली खेळणारी मुले किती, हा घ्यावा. त्या मोजणीत आइसलंड आपल्याला वाटतो तितका लहान देश नाही आणि आपणही समजतो तितके मोठे नाही.